लहान प्रमाणातील तयार युद्धनौकांचा संग्रह : नाशिकच्या नवोदित संग्राहकांसाठी मार्गदर्शन

युद्धनौकांची लहान आकाराची तयार मॉडेले, म्हणजे कारखान्यातूनच जुळवून आणि रंगवून आलेली, खोक्यातून काढून थेट कपाटात मांडता येणारी मॉडेले, जमवण्याचा छंद आपल्याकडे अजून तुरळकच आहे. नाशिकरोड कॅम्पात तोफखान्याचे संग्रहालय आहे, ओझरला लढाऊ विमाने बनतात, त्यामुळे तोफा, रणगाडे आणि विमाने यांचे आकर्षण आपल्या शहरात लहानपणापासूनच लागते. युद्धनौका हा मात्र मुंबईच्या गोदीचा विषय समजला जातो. वास्तविक या छंदाला समुद्राची जवळीक लागत नाही. योग्य प्रमाण निवडले, तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमधील एका भिंतीवर १९७१ च्या युद्धातील नौदलाचा बराचसा ताफा मांडता येतो. सुटे भाग चिकटवून मॉडेल बांधणे हा स्वतंत्र छंद आहे आणि त्याचा विचार येथे केलेला नाही.

नवोदितांना एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पहिली नौका विकत घेण्याआधी प्रमाण आणि विषय हे दोन निर्णय पक्के करावेत. दिसेल ते आणि स्वस्त मिळेल ते घेत गेल्यास वर्षभरात कपाट भरते, परंतु त्यात एक हातभर लांबीची बॅटलशिप, तिच्या शेजारी बोटभर लांबीची विमानवाहू नौका आणि कोणत्याच प्रमाणात न बसणारी पितळी शोभेची बोट असा बेमेळ जमतो, आणि नौकांची एकमेकींशी तुलना करण्याचा या छंदातील मोठा आनंद कायमचा हातचा जातो.

पायरी पहिली : प्रमाण ठरवणे

प्रमाण म्हणजे मॉडेल खऱ्या नौकेच्या कितव्या हिश्शाचे आहे ते; १:१२५० म्हणजे खऱ्या लांबीचा साडेबाराशेवा भाग. तयार मॉडेलांच्या जगात प्रामुख्याने तीन प्रमाणे भेटतात. जर्मनीत आणि युरोपात १:१२५० हे प्रमाण रूढ आहे, ब्रिटन आणि अमेरिकेतील जुनी मॉडेले बहुधा १:१२०० मध्ये असतात, तर पूर्व आशियातील उत्पादकांचा कल १:७०० कडे आहे. याशिवाय पटावरील युद्धखेळांसाठी निघालेली १:१८०० ची रंगीत प्लॅस्टिक मॉडेले आणि जपानी खोक्यांतून मिळणारी १:२००० ची मॉडेलेही आहेत. ती स्वस्त असतात, पण त्यांतील बारकावे मर्यादित असतात.

१:१२५० मध्ये हिशेब अतिशय सोपा आहे. खऱ्या नौकेची मीटरमधील लांबी ०.८ ने गुणली, की मॉडेलची लांबी मिलिमीटरमध्ये मिळते. २५१ मीटर लांबीची जर्मन बिस्मार्क २०१ मिलिमीटर भरते. २०२२ साली नौदलात दाखल झालेली आपली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे, ती २१० मिलिमीटर होते. १९७१ मध्ये कराचीवर क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या ओसा वर्गाच्या (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांचा गट) नौका अवघ्या ३८.६ मीटरच्या, म्हणजे मॉडेलमध्ये ३१ मिलिमीटर. साध्या रबरी खोडरबराहूनही लहान. हीच नवी विक्रांत १:७०० मध्ये घेतली, तर ती सुमारे ३७५ मिलिमीटर होते, आणि अशा चार-पाच विमानवाहू नौकांना एक अख्खे कपाट लागते.

माझा स्पष्ट कल १:१२५० कडे आहे. जागा कमी लागते हे त्याचे एक कारण आहे, पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की या प्रमाणात क्षेपणास्त्र नौकेपासून विमानवाहू नौकेपर्यंत सर्व आकार एका नजरेत सामावतात. १:१२०० ची मॉडेले त्यांच्यासोबत ठेवण्यास हरकत नाही. फरक चार टक्क्यांचा आहे आणि वीस सेंटिमीटरच्या नौकेत तो सुमारे आठ मिलिमीटर इतकाच पडतो. १:११०० मात्र मिसळू नये. त्या प्रमाणातील बिस्मार्क २२८ मिलिमीटर होते आणि शेजारची १:१२५० ची नौका विनाकारण खुजी दिसू लागते. ज्यांना मोजक्याच, पण जवळून न्याहाळता येतील अशा नौका हव्या आहेत, त्यांनी १:७०० घ्यावे आणि मग त्याच प्रमाणावर ठाम राहावे.

येथेच आणखी एक भेद समजून घ्यावा. १:१२५० ची बहुतेक मॉडेले जलरेषेपाशी सपाट कापलेली असतात, म्हणजे पाण्याखालचा भाग त्यांत नसतो आणि ती टेबलावर पाण्यावर तरंगल्यासारखी बसतात. १:७०० च्या अनेक धातूच्या मॉडेलांत तळापर्यंतचा पूर्ण आकार असतो आणि ती स्टँडवर उभी करावी लागतात. दोन्ही प्रकार एकाच फळीवर मांडल्यास दोन्हींचा परिणाम बिघडतो.

पायरी दुसरी : विषय ठरवणे

या पायरीला घाई करू नये, कारण पुढची सगळी वर्षे आपण याच निर्णयासोबत काढणार असतो. जगभरातील संग्राहक बहुधा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन किंवा जपानी आरमारे निवडतात आणि उत्पादकांचा भरही त्यांवरच असतो. मराठी वाचकाला मी भारतीय नौदल हा विषय सुचवीन. या नौकांचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे, त्यांतील कितीतरी नौकांचा मुक्काम मुंबईत होता, आणि नाशिकमधीलच एखाद्या निवृत्त नौसैनिकाकडून त्यांच्याविषयी ऐकण्याची संधी अजूनही मिळू शकते.

परंतु या विषयात नवोदित लगेच अडखळतो, कारण परदेशी विक्रेत्याकडे भारतीय नावाने शोध घेतला, तर हाती फारसे काही लागत नाही. याचे कारण असे, की स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांतील आपल्या मोठ्या नौका ब्रिटन आणि सोव्हिएत संघाकडून आल्या आणि त्यांची मॉडेले त्यांच्या मूळ नावाने किंवा वर्गनावाने विकली जातात. म्हणून प्रत्येक नौकेचे माहेरचे नाव आधी शोधून काढावे. १९४८ साली आपल्या नौदलात आलेली क्रूझर (विनाशिकेहून मोठी, तोफांची नौका) दिल्ली ही पूर्वी न्यूझीलंडच्या सेवेतील अकिलीस होती, आणि डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत तिने जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेशी झुंज दिली होती. १९५७ ची म्हैसूर ही ब्रिटिश नायजेरिया, पहिली विक्रांत ही हर्क्युलिस आणि विराट ही १९८२ च्या फॉकलंड युद्धातील ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका हर्मिस. विनाशिका (डिस्ट्रॉयर) राजपूत पूर्वी रॉदरहॅम होती. १९७१ मधील खुकरी ब्लॅकवुड वर्गाची, तलवार आणि त्रिशूल व्हिटबी वर्गाच्या, कराचीच्या मोहिमेवरील किल्टन आणि कच्छल सोव्हिएत पेट्या वर्गाच्या आणि पहिली कलवरी पाणबुडी फॉक्सट्रॉट वर्गाची. ही जोड्यांची यादी स्वतःच्या वहीत करून ठेवली, की बाजारातील निम्मे दरवाजे उघडतात.

माहेरचे नाव सापडले, तरी काम संपत नाही, कारण मॉडेल कोणत्या सालातील स्थिती दाखवते हे पाहावे लागते. दिल्लीचेच उदाहरण घेऊ. अकिलीसचे मॉडेल बहुधा १९३९ च्या रूपात मिळते आणि त्यात दुहेरी तोफांचे चार बुरूज (तोफा बसवलेल्या फिरत्या घुमट्या) असतात, दोन पुढे आणि दोन मागे. जानेवारी १९४३ मध्ये तिच्या मागच्या बाजूच्या वरच्या बुरुजावर बॉम्ब पडला आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत तो बुरूज काढून तेथे विमानविरोधी तोफा बसवण्यात आल्या. भारतात आलेली दिल्ली त्यामुळे तीन बुरुजांची होती. भिंग डोळ्याला लावून मॉडेलच्या मागच्या अर्ध्या भागाकडे पाहावे : रुंद, एकाच धुराड्याच्या मागे, विमानासाठीची जागा सोडून, एकावर एक असे दोन बुरूज दिसले, तर ते अकिलीस आहे, दिल्ली नव्हे. म्हैसूरचीही अशीच गोष्ट आहे. तिच्या वर्गाच्या सुरुवातीच्या मॉडेलांत तिहेरी तोफांचे चार बुरूज असतात, म्हैसूरवर मात्र तीनच होते. युद्धकाळातील मॉडेल 'दिल्लीची पूर्वाश्रमीची स्थिती' म्हणून ठेवण्यास काहीच हरकत नाही, फक्त पाटीवर तसे लिहावे.

विक्रांतच्या बाबतीत फरक अधिक मोठा आहे. तिचे १९४५ मध्ये जलावतरण झाले तेव्हा तिच्या वर्गाच्या नौकांना सरळ धावपट्टीचा डेक होता. १९६१ साली बेलफास्टहून ती आली ती तिरक्या डेकसह आणि वाफेच्या कॅटपल्टसह (विमानाला उड्डाणासाठी वेग देणाऱ्या यंत्रासह). पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या पुढच्या टोकाला सी हॅरिअर विमानांसाठी उताराची उंच धावपट्टी बसवण्यात आली. त्यामुळे ज्याला १९७१ ची विक्रांत हवी आहे, त्याने सपाट पुढचे टोक, तिरका डेक आणि त्यावर सी हॉक व अलिझे विमाने असलेलेच मॉडेल शोधावे. १:१२५० मध्ये सी हॉक जेमतेम एक सेंटिमीटरचे असते, तरीही त्याचे मागे न झुकणारे सरळ पंख नीट ओळखू येतात. विक्रमादित्यच्या नावाखाली तिच्या पूर्वीच्या रूपाचे, म्हणजे सोव्हिएत गोर्शकोव्हचे मॉडेल खपवले जात असेल, तर तेही ओळखावे : पुढच्या अर्ध्या डेकवर क्षेपणास्त्रांच्या नळ्या असतील, तर ते रूपांतरापूर्वीचे आहे.

वर्गनावांतील एक सापळा स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. लिअँडर नावाचे दोन वर्ग आहेत. १९३० च्या दशकातील लिअँडर या क्रूझर आहेत आणि त्यांत दिल्ली येते. १९६० च्या दशकातील लिअँडर या फ्रिगेट (विनाशिकेहून लहान नौका) आहेत आणि माझगाव गोदीत बांधलेली, १९७२ ची निलगिरी त्यांच्या कुळातील आहे. केवळ वर्गनाव पाहून मागणी नोंदवली, तर भलतीच नौका घरी येऊ शकते. तसेच आपल्या नौदलात नावे पुन्हा वापरली जातात. दिल्ली नावाची क्रूझर होती आणि १९९७ पासून विनाशिका आहे. विक्रांत दोन आहेत आणि दोघींचाही क्रमांक आर ११ हाच आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत नावापुढे साल लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

विषय आणखी आखूड केला तर संग्रहाला धार येते. डिसेंबर १९६१ ची गोवा मुक्ती हा एक सुंदर लहान विषय आहे. त्यात दिल्ली, म्हैसूर, बेतवा, बियास आणि समोरची पोर्तुगीज नौका आफोन्सो द आल्बुकर्क इतक्या नौका आल्या तरी गोष्ट उभी राहते. १९७१ घेतल्यास दोन्ही बाजू मांडाव्यात. आपल्या ओसा नौकांसमोर बुडालेली पाकिस्तानी खैबर ही ब्रिटिश बॅटल वर्गाची विनाशिका होती, विशाखापट्टणमजवळ बुडालेली गाझी ही पूर्वीची अमेरिकन डायब्लो पाणबुडी, आणि ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ खुकरीला बुडवणारी हंगोर ही फ्रेंच दाफ्ने वर्गाची. खुकरीसोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. १:१२५० मध्ये खुकरी ७६ मिलिमीटरची होते. इतक्या लहान नौकेवर इतकी माणसे होती, हे ती जुन्या विक्रांतच्या १७१ मिलिमीटरशेजारी ठेवल्यावर ज्या रीतीने कळते, तसे आकडे वाचून कळत नाही, आणि एकाच प्रमाणाचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

पायरी तिसरी : उत्पादक आणि साहित्य ओळखणे

जर्मनीतील विकिंग या कंपनीने १९३० च्या दशकात १:१२५० ची मॉडेले काढली आणि ती नौका ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठीही वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत फ्रॅमबर्ग आणि कॉमेट यांनी त्याच हेतूने १:१२०० ची धातूची मॉडेले बनवली. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये ट्राय-अँग मिनिक ही मुलांसाठीची १:१२०० ची मालिका सुरू झाली. त्यातील व्हॅनगार्ड आणि बल्वर्क अजूनही जुन्या बाजारात दिसतात, आणि बल्वर्क ही आपल्या विराटच्या वर्गभगिनींपैकी असल्याने ती आपल्या कामाची आहे. आजच्या दर्जेदार मॉडेलांत पहिल्या महायुद्धासाठी नाव्हिस आणि दुसऱ्या महायुद्धासाठी नेप्टून ही जर्मन नावे अग्रभागी आहेत. ही ओतीव धातूची, हाताने रंगवलेली मॉडेले असून विनाशिकेलाही काही हजार रुपये पडतात. शीतयुद्धातील आणि नंतरच्या नौकांसाठी लहान लहान युरोपीय उत्पादकांचे माल शोधावे लागतात. त्यांची आवृत्ती थोडी असते आणि संपली की पुन्हा लवकर निघत नाही.

पाक्षिक मालिकांतून निघालेली मॉडेले, उदाहरणार्थ एडिशन्स अॅटलसची १:१२५० ची किंवा ईगलमॉसची १:११०० ची, नवोदितांना परवडतात. त्यांचे रंगकाम जाडसर आणि तोफा ठोकळेबाज असतात, पण हात बसवण्यासाठी ती चांगली. ईगलमॉस २०२२ साली बंद पडल्यामुळे तिचा माल आता जुन्या बाजारातूनच मिळतो. १:७०० मध्ये फोर्सेस ऑफ व्हॅलरची धातू-प्लॅस्टिकची मॉडेले मिळतात. शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत 'विक्रांत' म्हणून मिळणारी लाकडी किंवा पितळी नौका घरात ठेवायला छान असते, पण तिला प्रमाण नसते, त्यामुळे ती संग्रहात धरू नये.

पायरी चौथी : खरेदी आणि तपासणी

नाशिकमध्ये या विषयाला वाहिलेले दुकान शोधण्यात वेळ घालवू नये. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील खेळण्यांच्या दुकानांत अधूनमधून १:७०० ची एखादी धातूची नौका दिसते, ती अवश्य पाहावी, पण खरा बाजार मुंबई-पुण्यातील छंदसाहित्याची दुकाने, ऑनलाइन विक्रेते आणि परदेशी लिलाव यांचा आहे. जुने मॉडेल घेताना विक्रेत्याकडून किमान चार बाजूंची छायाचित्रे मागावीत : वरून, दोन्ही कडांनी आणि तळाची. तळाच्या छायाचित्राचा आग्रह सोडू नये, कारण उत्पादकाचे नाव आणि मॉडेल क्रमांक बहुधा तेथेच कोरलेला असतो आणि कोऱ्या तळाचे मॉडेल कोणीतरी साचा उतरवून काढलेली नक्कल असण्याची शक्यता असते.

छायाचित्र मोठे करून तीन जागा पाहाव्यात. पहिली म्हणजे डोलकाठ्या. त्या सर्वांत आधी वाकतात आणि बदललेली डोलकाठी मूळ तारेपेक्षा जाड दिसते. दुसरी म्हणजे तोफांच्या नळ्या. एखादी आखूड असेल तर ती तुटलेली आहे. तिसरी म्हणजे बुरुजांच्या बुडाशी चमकणारी कड, जी नंतर लावलेल्या डिंकाची खूण असते. पुन्हा रंगवलेले जुने मॉडेल मूळ रंगातील झिजलेल्या मॉडेलपेक्षा कमी किमतीचे समजावे आणि स्वतःही जुन्या मॉडेलवर रंगाचा हात फिरवू नये. जस्तमिश्रित धातूच्या फार जुन्या मॉडेलांवर बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, फुगलेली बाजू किंवा धनुष्यासारखा बाक दिसला, तर ते मॉडेल कितीही दुर्मीळ असले तरी सोडून द्यावे. मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धता राहून गेल्याने आतून होणारी ही झीज आहे; दमट हवेत ती वाढते आणि एकदा सुरू झाल्यावर थांबवता येत नाही.

पार्सल हाती आल्यावर ते उघडताना सलग चित्रीकरण करावे. आतील स्पंज ओढून काढू नये. मॉडेलभोवतीचा स्पंज कात्रीने कडेकडेने कापून मोकळा करावा, कारण डोलकाठी बहुतेक वेळा त्यातच रुतलेली असते. जुन्या खोक्यांतील स्पंज कालांतराने चिकट होतो आणि रंगाला डाग पाडतो; तो काढून टाकून त्याजागी आम्लरहित पातळ कागद वापरावा, पण खोके आणि त्यावरील चिठ्ठी जपून ठेवावी.

पायरी पाचवी : सीमाशुल्काचा हिशेब

परदेशातून मागवताना मॉडेलची किंमत हा खर्चाचा एक भाग असतो. प्रमाणबद्ध मॉडेले सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळण्यांच्याच शीर्षाखाली येतात, आणि खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. वैयक्तिक वापराच्या पार्सलला लागणारा दर वेगळा असू शकतो आणि तो अर्थसंकल्पागणिक बदलतो, म्हणून मागणी नोंदवण्याआधी कुरिअर कंपनीला चालू दर विचारावा. शुल्क किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते आणि त्यावर पुन्हा वस्तू व सेवा कर लागतो. पार्सलवर 'भेटवस्तू' लिहून शुल्क वाचत नाही. ती सवलत २०१९ च्या अखेरीस बंद झाली आहे. किंमत कमी दाखवण्याची विनंती विक्रेत्याला करू नये, कारण ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय वाटेत मोडतोड झाल्यास भरपाईही त्याच कमी किमतीची मिळते. लहान लहान पार्सले मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून चार-सहा नौका एकत्र घेणे वाहतूक खर्चाच्या दृष्टीने बरे पडते. ओळखपत्राची प्रत तयार ठेवावी. तिच्याअभावी पार्सल मुंबईत अडकून पडते.

पायरी सहावी : कपाट आणि नाशिकची हवा

मॉडेलचे खरे नुकसान खरेदीनंतर होते, आणि ते बहुधा कपाटामुळे होते. आपल्याकडे सुताराला बोलावून प्लायवुड किंवा एमडीएफचे शोकेस करून घेण्याची पद्धत आहे. नव्या लाकडातून, एमडीएफमधून आणि त्यांतील चिकटद्रव्यांतून आम्लयुक्त वाफा निघत राहतात. बंद काचेआड त्या साठतात आणि शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या जुन्या धातूच्या मॉडेलांवर पांढरी पूड धरू लागते. ही पूड विषारी असते, तिला उघड्या हाताने पुसू नये. शक्य असेल तर ॲल्युमिनियमच्या चौकटीचे किंवा पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचे आणि काचेचे कपाट घ्यावे. अंबड-सातपूर भागातील फॅब्रिकेशनवाल्यांकडे आपल्या मापाचे करून घेता येते. प्लायवुडच घ्यायचे असेल, तर सर्व कडा लॅमिनेटने बंद कराव्यात आणि काही आठवडे दारे उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्यावा. काच बसवताना वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉनकडेही लक्ष असावे. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन टाळून न्यूट्रल प्रकारचे मागावे.

मापांत उदारपणा नको. १:१२५० ची डोलकाठी क्वचितच पाच सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणून दोन फळ्यांत दहा सेंटिमीटर अंतर पुष्कळ होते आणि नेहमीच्या शोकेसमध्ये जितक्या फळ्या बसतात त्याच्या जवळपास तिप्पट बसवता येतात. फळीची खोली पंचवीस सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे आपल्या नौदलाची सर्वांत मोठी विमानवाहू नौकाही नाक पुढे करून उभी राहते. मुख्य फळी डोळ्यांच्या पातळीला असावी. जलरेषेवर कापलेली नौका वरून पाहिली तर नकाशातील खुणेसारखी दिसते, पण डोळ्यांच्या पातळीवरून तिची खरी बाह्यरेषा उमटते. दिवा एलईडीचा घ्यावा आणि त्याचा तापणारा ड्रायव्हर (वीज पुरवणारा भाग) कपाटाबाहेर बसवावा. प्रदर्शनापूर्वी तात्पुरत्या साठवणीसाठी सराफ बाजारात मिळणारे, मखमली खणांचे दागिन्यांचे ट्रे फार उपयोगी पडतात. मात्र मॉडेल आणि मखमल यांच्यामध्ये पातळ कागद घालावा.

नाशिकची हवा बाराही महिने सारखी नसते. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि थंडीत किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. धातू, राळ (रेझिन) आणि रंग यांचे प्रसरण वेगवेगळे असल्याने अशा चढउतारांत जुना डिंक सुटतो. म्हणून कपाट पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीसमोर किंवा स्वयंपाकघराला लागून ठेवू नये. आत एक लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. पावसाळ्यात प्रत्येक फळीवर सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे जेल घ्यायचे असल्यास निळ्याऐवजी नारिंगी घ्यावे, कारण निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो. ओल शोषून घेतलेले जेल ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर तापवले, की पुन्हा वापरता येते. कागदी पुडीतील जेल त्याआधी धातूच्या ताटलीत काढून घ्यावे.

पायरी सातवी : हाताळणी आणि स्वच्छता

मॉडेल नेहमी नौकेच्या दोन्ही कडांना, जलरेषेजवळ धरून उचलावे. डोलकाठी, धुराडे किंवा बुरूज यांना बोट लागू देऊ नये. धूळ काढण्यासाठी कॅमेऱ्याचा हातपंप आणि अगदी मऊ, कोरा मेकअपचा ब्रश पुरेसा आहे. ब्रश नेहमी तोफांच्या नळ्यांच्या लांबीच्या दिशेनेच, आडवा न नेता फिरवावा. पाणी, स्पिरिट आणि थिनर वर्ज्य आहेत. तुटलेला भाग चिकटवताना झटपट चिकटणारा डिंक वापरल्यास भोवती पांढरी वाफ धरते; त्याऐवजी सुईच्या टोकावर इपॉक्सीचा कण घेऊन भाग बसवावा आणि रात्रभर हात लावू नये. तुटलेला भाग लगेच बसवता येत नसेल, तर तो मॉडेलचा क्रमांक लिहिलेल्या लहान पाकिटात ठेवावा.

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत कपाटाला कुलूप असावे आणि ते कपाट स्वच्छ करण्याचे काम आपणच करावे, हे घरात आधीच सांगून ठेवावे. भरल्या घरात ओल्या फडक्याचा एक फटकारा विनाशिकेची डोलकाठी घेऊन जातो.

पायरी आठवी : नोंदवही

अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था असल्यामुळे नाशिकला नाणेसंग्राहकांची शिस्त परकी नाही. नाणे कोठून आले, त्याचे वजन किती आणि त्याची अवस्था काय, हे लिहिल्याशिवाय जाणकार संग्राहक ते खणात ठेवत नाही. तीच पद्धत येथे घ्यावी. प्रत्येक मॉडेलसाठी अनुक्रमांक, मूळ नाव व भारतीय नाव, मॉडेल कोणत्या सालातील स्थिती दाखवते, उत्पादक व त्याचा क्रमांक, प्रमाण, विक्रेता, शुल्कासह एकूण खर्च आणि मिळाले तेव्हाची अवस्था इतके रकाने पुरेत. मोजपट्टी शेजारी ठेवून एक छायाचित्र काढावे आणि मोजलेली लांबी ०.८ च्या हिशेबाशी ताडून पाहावी. फरक दोन-तीन मिलिमीटरहून अधिक असेल, तर प्रमाण वेगळे आहे किंवा नौका दुसरीच आहे. अनुक्रमांक मॉडेलवर लिहू नये. तो फळीवरच्या पाटीच्या मागे आणि खोक्यावर लिहावा.

पहिल्या वर्षी पाच-सहा नौकांवर थांबावे असे माझे मत आहे : एक विमानवाहू नौका, एक क्रूझर, दोन विनाशिका किंवा फ्रिगेट आणि एखादी क्षेपणास्त्र नौका. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला आपल्या मुलांच्या शाळेत किंवा वाचनालयात त्या मांडता येतात, आणि विद्यार्थ्यांना तेवढ्या नौकांवरून कराचीची मोहीम व्यवस्थित समजावून सांगता येते. नेताना प्रत्येक नौका झाकणाच्या कडक प्लॅस्टिक डब्यात, तळाला दुहेरी चिकटपट्टीऐवजी मऊ पुटीचा लहान गोळा लावून बसवावी, डबे एकमेकांवर रचू नयेत, रिक्षात ते मांडीवर आडवे धरावेत आणि मांडणी झाल्यावर रिकामे डबे त्याच क्रमाने टेबलाखाली ठेवावेत, म्हणजे आवरताना कोणती नौका कोणत्या डब्यातील हे शोधावे लागत नाही.